पॅट्रिक विंटन कर्च

पॅट्रिक विंटन कर्च (जन्म: १९५०, होनोलुलू, हवाई) हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ व मानवशास्त्रज्ञ असून पॉलिनेशियाच्या प्राचीन इतिहासाचे अग्रगण्य अभ्यासक म्हणून ओळखले जातात. प्रशांत महासागरातील तिकोपिया, निउआतोपुतापू, मुसाऊ, मांगाइया, मांगारेव्हा, मोलोकाई, माउई अशा अनेक बेटांवर त्यांनी सुमारे पाच दशके सर्वेक्षण व उत्खनन केले. एकाच पूर्वजसमाजातून निघालेले लोक वेगवेगळ्या बेटांवर गेल्यावर त्यांचे समाज इतके भिन्न का झाले, हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी उत्खननातील पुराव्याला भाषाशास्त्र, लोकजीवनाच्या नोंदी, मौखिक परंपरा आणि मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांसारख्या निसर्गविज्ञानांची जोड दिली. नवा पुरावा हाती येताच स्वतःचे जुने निष्कर्ष बदलणारे संशोधक म्हणूनही त्यांचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड (आओतेआरोआ) आणि आग्नेयेस रापा नुई (ईस्टर बेट) या तीन टोकांना जोडणाऱ्या विशाल त्रिकोणातील बेटांना पॉलिनेशिया असे म्हणतात. या त्रिकोणाच्या पश्चिमेलाही काही छोट्या बेटांवर पॉलिनेशियन भाषा बोलणारे लोक राहतात. त्यांना बाह्य पॉलिनेशियन बेटे म्हणतात. हे लोक जोडहोड्या आणि उलांडीच्या शिडाच्या होड्या घेऊन, होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या व लाटांच्या आधारे हजारो किलोमीटरचा प्रवास करीत. सोबत ते अळू, कोनफळ, नीरफणस, केळी, ऊस यांची रोपे व कंद आणि डुकरे, कुत्री, कोंबड्या नेत असत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॉलिनेशियाचा इतिहास मुख्यतः वंशावळी, दंतकथा आणि वस्तुसंग्रहालयांतील वस्तू यांच्या आधारे लिहिला जाई. या बेटांवर मानवी वस्ती अलीकडची असल्याने जमिनीत खोल थर सापडणार नाहीत आणि उत्खननातून फारसे हाती लागणार नाही, असा समज रूढ होता. होनोलुलूच्या बिशप म्युझियममधील केनेथ एमरी यांनी १९५० मध्ये ओआहू बेटावरील कुलिओउओउ येथील शैलाश्रयात उत्खनन केले. तेथील कोळशाचे वय त्या काळी नव्याने शोधलेल्या रेडिओकार्बन पद्धतीने निश्चित झाल्यावर हा समज मागे पडला. त्यानंतर एमरी आणि योशिहिको सिनोतो यांनी मासेमारीच्या गळांच्या बदलत्या घडणीवरून कालानुक्रम बसवण्याचा प्रयत्न केला. रॉजर ग्रीन यांनी मोओरेआ बेटावरील ओपुनोहू खोऱ्यात सुट्या वस्तूंऐवजी संपूर्ण वसाहतीची रचना अभ्यासण्याची पद्धत रुजवली. कर्च यांचे काम या दोन्ही परंपरांच्या पायावर उभे आहे.

जीवन आणि शिक्षण

कर्च यांचा जन्म हवाई हे अमेरिकेचे राज्य होण्यापूर्वी, होनोलुलू येथे झाला. त्यांचे बालपण शहरालगतच्या मानोआ खोऱ्यात गेले व शालेय शिक्षण पुनाहोऊ स्कूलमध्ये झाले. शाळकरी वयातच ते बिशप म्युझियममध्ये जाऊ लागले. तेथील मृदुकाय प्राण्यांचे तज्ज्ञ योशिओ कोंडो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बेटांवरील गोगलगायींचे वर्गीकरण शिकून घेतले. मातीच्या थरांत सापडणाऱ्या सूक्ष्म गोगलगायींवरून त्या जागी पूर्वी रान होते की शेत, हे कळू शकते. उत्खननात निसर्गाच्या खुणांकडे लक्ष देण्याची त्यांची सवय या शिक्षणातून आलेली दिसते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९७१ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी येल विद्यापीठातून १९७५ मध्ये पीएच.डी. संपादन केली. प्रबंधासाठी त्यांनी पश्चिम पॉलिनेशियातील फुतुना आणि उवेआ या बेटांवरील चालू शेतीपद्धतींचा अभ्यास केला. प्राचीन शेतांचे अवशेष समजून घ्यायचे असतील तर आजचा शेतकरी पाणी कसे वळवतो, जमीन किती वर्षे पडीक ठेवतो आणि पीक कोणाला अर्पण करतो, हे आधी पाहिले पाहिजे, असा यामागचा विचार होता.

शिक्षणानंतर ते बिशप म्युझियममध्ये रुजू झाले. १९८४ ते १९८९ या काळात ते सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बर्क म्युझियमचे संचालक होते. १९८९ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मानवशास्त्र विभागात प्राध्यापक झाले आणि २०१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यानंतर ते हवाई विद्यापीठाच्या मानोआ येथील विभागाशी संलग्न झाले.

क्षेत्रकार्य

हालावा आणि अनुता

विद्यार्थिदशेत, १९६९-७० मध्ये, कर्च यांनी मोलोकाई बेटावरील हालावा खोऱ्याच्या सर्वेक्षणात व तेथील किनाऱ्यावरील वाळूच्या टेकडीच्या उत्खननात भाग घेतला. समुद्रकाठची घरे, खोऱ्यातील अळूची खाचरे, उतारावरील कोरडवाहू शेते आणि देवस्थाने यांचा एकत्रित विचार या प्रकल्पात करण्यात आला. १९७१ मध्ये ते सॉलोमन बेटांच्या आग्नेय भागातील अनुता या अगदी लहान बेटावर उत्खननासाठी गेले. रॉजर ग्रीन आणि वनस्पतितज्ज्ञ डग्लस येन यांच्या नेतृत्वाखालील मोठ्या प्रकल्पाचा तो भाग होता.

तिकोपिया

अनुताच्या शेजारचे तिकोपिया हे सुमारे ५ चौरस किलोमीटरचे बेट मानवशास्त्रात आधीच प्रसिद्ध होते. रेमंड फर्थ यांनी १९२८-२९ मध्ये तेथे राहून केलेल्या अभ्यासावर 'वी, द तिकोपिया' (१९३६) हा ग्रंथ लिहिला होता. फर्थ यांनी समाजाचे वर्तमान टिपले होते. कर्च आणि येन यांनी १९७७-७८ मध्ये त्याचा सुमारे ३,००० वर्षांचा भूतकाळ उलगडला.

उत्खननातून दिसलेला क्रम असा: पहिल्या वसाहतकारांनी रान जाळून शेते केली आणि समुद्रपक्षी, कासवे व शिंपले यांची बेसुमार शिकार केली. काही शतकांतच या प्राण्यांची हाडे व कवचे थरांतून कमी होत गेली. उतारांवरील माती वाहून खाली आली आणि किनाऱ्यालगतची सपाट जमीन वाढली. पुढे समुद्राला खुली असलेली खाडी वाळूच्या बांधाने बंद होऊन तिचे तळे झाले. मात्र याच काळात रहिवाशांनी जाळून शेती करण्याची पद्धत सोडली आणि नीरफणस, नारळ व कवचफळांची झाडे वर आणि अळू, कोनफळ खाली अशी बहुस्तरीय बागशेती विकसित केली. डुकरे पिकांची नासाडी करीत आणि माणसांच्या अन्नात वाटेकरी होत. शेवटच्या टप्प्यात तीही बेटावरून नाहीशी झाली. डुकरे मुद्दाम नष्ट केल्याचे मौखिक परंपरा सांगते आणि वरच्या थरांतून त्यांची हाडे नाहीशी होणे त्याच्याशी जुळते. लोकसंख्या मर्यादित ठेवण्याच्या ज्या रूढींची फर्थ यांनी नोंद केली होती, त्यांचा अर्थ या दीर्घ इतिहासाच्या संदर्भात अधिक स्पष्ट झाला.

लापिता संस्कृतीचा शोध

पॉलिनेशियन लोकांचे पूर्वज लापिता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीशी जोडले जातात. न्यू कॅलिडोनियातील एका स्थळावरून हे नाव पडले. दातेरी साच्याने ठसे उमटवून नक्षी केलेली मृद्भांडी ही या संस्कृतीची ओळख आहे. बिस्मार्क द्वीपसमूहातून निघालेले हे लोक काही शतकांत पूर्वेकडे सरकत सुमारे २,८०० ते २,९०० वर्षांपूर्वी टोंगा व सामोआपर्यंत पोहोचले.

कर्च यांनी १९८५ ते १९८८ या काळात बिस्मार्क द्वीपसमूहातील मुसाऊ बेटांवर, विशेषतः तालेपाकेमालाई या स्थळी उत्खनन केले. येथील खालचे थर सतत पाण्याखाली राहिल्याने एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकून राहिल्या होत्या. उथळ पाण्यात खांबांवर उभारलेल्या घरांचे लाकडी खुंट, नारळाच्या करवंट्या आणि इतर झाडांच्या फळांचे अवशेष तेथे मिळाले. लापिता लोक केवळ किनाऱ्यावर भटकणारे मासेमार होते की झाडे-कंद लावणारे शेतकरीही होते, या वादात हा पुरावा निर्णायक ठरला. या स्थळाचा सविस्तर अहवाल 'तालेपाकेमालाई' या नावाने २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मांगाइया

कुक द्वीपसमूहातील मांगाइया बेटावर कर्च यांनी १९८९ ते १९९१ या काळात तांगाताताऊ शैलाश्रयाचे उत्खनन केले. येथे एकावर एक साठलेल्या थरांत हजारो हाडे, गळ, दगडी वाकस आणि जळालेले वनस्पतींचे अवशेष सापडले. पक्षितज्ज्ञ डेव्हिड स्टेडमन यांनी हाडे ओळखल्यावर असे दिसून आले, की खालच्या थरांत आढळणारे कित्येक पक्षी वरच्या थरांत आढळत नाहीत. माणसाच्या आगमनानंतर या बेटावरून त्यांचे उच्चाटन झाले होते. वरच्या थरांत डुकरांची हाडे नाहीशी होतात आणि उंदरांची हाडे मात्र आढळत राहतात.

याच शैलाश्रयात रताळ्याचे जळालेले अवशेष मिळाले. रताळे मूळचे दक्षिण अमेरिकेतील असून ते युरोपीय जहाजे या भागात येण्यापूर्वीच्या थरांत आढळले. पॉलिनेशियन दर्यावर्दी आणि दक्षिण अमेरिका यांच्यात प्राचीन काळी संपर्क झाला होता, या मताला या शोधाने ठोस आधार मिळाला.

१९९७ मध्ये लिहिलेल्या एका शोधनिबंधात कर्च यांनी तिकोपिया आणि मांगाइया यांची तुलना केली. दोन्ही बेटांवर रान नष्ट झाले व पक्षी संपले. तिकोपियाची जमीन भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण व सुपीक होती. तेथील समाज बागशेती आणि लोकसंख्येचे नियंत्रण यांच्या साहाय्याने स्थिरावला. मांगाइयाच्या डोंगराळ भागातील माती फार जुनी व निकस होती. एकदा रान गेल्यावर तेथे शेती टिकली नाही, मोजक्या खोऱ्यांतील अळूच्या खाचरांवर सारा समाज अवलंबून राहिला आणि त्या खाचरांसाठी टोळ्यांमध्ये युद्धे होत राहिली. निसर्ग समाजाचे भवितव्य ठरवत नाही, पण निवडीच्या मर्यादा आखून देतो, असा या तुलनेचा आशय आहे.

काहिकिनुई

१९९० च्या दशकात कर्च यांनी माउई बेटाच्या आग्नेय भागातील काहिकिनुई या प्रदेशाचे दीर्घकालीन सर्वेक्षण सुरू केले. हालेआकाला ज्वालामुखीच्या पर्जन्यछायेतील हा कोरडा उतार एकोणिसाव्या शतकात जवळजवळ निर्मनुष्य झाला होता. त्यामुळे घरांची जोती, बांध, शेते आणि देवस्थाने शेकडोंच्या संख्येने जागच्या जागी शिल्लक होती.

हवाईयन भाषेत देवस्थानाला हेइआउ म्हणतात. या दगडी चौथऱ्यांवर भाविकांनी अर्पण केलेले प्रवाळाचे तुकडे आढळतात. रेडिओकार्बन पद्धतीत काही दशकांपासून शतकापर्यंत अनिश्चितता राहते. त्याऐवजी कर्च आणि भूशास्त्रज्ञ वॉरन शार्प यांनी प्रवाळातील युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून वय मोजले. या पद्धतीत चूक अवघ्या काही वर्षांची असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार येथील बहुतेक देवस्थाने इ.स. १६०० च्या मागेपुढे, सुमारे ६० वर्षांच्या अवधीत उभी राहिली होती. माउईच्या मौखिक इतिहासात पिइलानी घराण्याने बेट एका सत्तेखाली आणल्याची हकिगत साधारण याच काळातील आहे. गावोगावी देवस्थाने उभारून नव्या सत्तेने कर, श्रम आणि उपासना यांवर नियंत्रण मिळवले, असा अर्थ त्यांनी यातून काढला.

यांपैकी काही देवस्थानांचे तोंड पूर्व-ईशान्येस, कृत्तिका उगवतात त्या बिंदूकडे असल्याचेही त्यांनी दाखवले. हवाईयन लोक कृत्तिकांना माकालिई म्हणतात. सूर्यास्तानंतर कृत्तिका पूर्वेस दिसू लागल्या की लोनो या पर्जन्य व शेतीच्या देवाचा माकाहिकी हा काळ सुरू होई आणि त्याच वेळी राजाचे अधिकारी उपजाचा वाटा गोळा करीत. खगोल-पुरातत्त्वज्ञ क्लाइव्ह रगल्स यांच्यासह लिहिलेल्या 'हेइआउ, आइना, लानी' (२०१९) या ग्रंथात या देवस्थानांची सविस्तर माहिती आहे.

सैद्धान्तिक योगदान

शब्द आणि वस्तू यांचा मेळ

रॉजर ग्रीन यांच्यासह १९८७ मध्ये लिहिलेल्या लेखात आणि पुढे 'हवाईकी, अँसेस्ट्रल पॉलिनेशिया' (२००१) या ग्रंथात कर्च यांनी पूर्वजसमाजाच्या पुनर्रचनेची पद्धत मांडली. तिला ते त्रिकोणन म्हणतात. भूमापनात दोन-तीन बिंदूंवरून तिसऱ्याच ठिकाणाची जागा काढावी, तसे येथे भाषाशास्त्र, तुलनात्मक लोकजीवन आणि पुरातत्त्व या तीन स्वतंत्र दिशांनी एकाच निष्कर्षाकडे येण्याचा प्रयत्न केला जातो.

मराठी 'हात', हिंदी 'हाथ' यांसारख्या सगोत्र शब्दांवरून प्राकृतातील 'हत्थ' या रूपापर्यंत मागे जाता येते, त्याच रीतीने पॉलिनेशियन भाषांतील सगोत्र शब्दांवरून मूळ पॉलिनेशियन भाषेतील शब्द काढता येतात. टोंगा व सामोआत भुईतील भट्टीला 'उमु' म्हणतात, तर हवाईत 'इमु'. इतरत्र 'तापू' म्हणून ओळखला जाणारा निषेध हवाईत 'कापू' होतो. माओरी भाषेतील 'आरिकी' म्हणजे प्रमुख, तर हवाईयन भाषेत 'अलिई'. शब्द सापडला म्हणजे ती वस्तू किंवा संस्था पूर्वजांकडे होती असे मानण्यास आधार मिळतो. पण तिचे स्वरूप काय होते ते शब्द सांगत नाही. ते निरनिराळ्या बेटांवरील चालीरीतींच्या तुलनेतून आणि उत्खननातील अवशेषांतून ठरवावे लागते. अशा रीतीने टोंगा-सामोआ परिसरात सुमारे २,५०० वर्षांपूर्वी राहणाऱ्या पूर्वजांचे अन्न, घरे, नातेसंबंध, विधी आणि पंचांग यांचे चित्र या ग्रंथात उभे केले आहे.

बागायत आणि जिरायत

'द वेट अँड द ड्राय' (१९९४) या ग्रंथात कर्च यांनी पाण्यावरील आणि पावसावरील शेतीचे राजकीय परिणाम तपासले. मोठी राज्ये पाटबंधाऱ्यांच्या व्यवस्थापनातून निर्माण होतात, असा कार्ल विटफोगेल यांचा गाजलेला सिद्धान्त होता. हवाईत मात्र कर्च यांना वेगळे दिसले. ओआहू आणि काउआई या जुन्या बेटांवर बारमाही ओढे होते. तेथील अळूची खाचरे कमी श्रमात भरपूर व खात्रीचे पीक देत. माउई आणि हवाई या तरुण बेटांवर मुख्यतः रताळ्याची जिरायत शेती होती. ती अधिक श्रमाची आणि पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेली होती. आक्रमक, राज्यविस्तार करणारी सत्ता मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या बेटांवर उदयास आली. उपजात खात्री नव्हती आणि सत्ताधाऱ्यांची मागणी वाढती होती. त्यामुळे शेजाऱ्याची बागायती जमीन जिंकणे हा तेथील सत्तांपुढचा मार्ग ठरला.

पुढे पर्यावरणतज्ज्ञ पीटर व्हिटूसेक, मृदाशास्त्रज्ञ ऑलिव्हर चॅडविक, जनसंख्याशास्त्रज्ञ श्रीपाद तुळजापूरकर आदींसह झालेल्या बहुशाखीय प्रकल्पात हा विचार अधिक बारकाईने तपासण्यात आला. हवाई बेटावरील कोहाला येथील विस्तीर्ण शेतांच्या मातीचे पृथक्करण केल्यावर शेतांच्या सीमांचे कारण स्पष्ट झाले. खालच्या बाजूस पाऊस अपुरा पडतो, तर वरच्या बाजूस अतिपावसाने मातीतील पोषक द्रव्ये वाहून जातात. शेते या दोहोंमधील पट्ट्यातच होती. प्राचीन शेतकऱ्यांनी ही सीमा अचूक ओळखली होती.

प्रमुखांपासून राजांपर्यंत

'द इव्होल्यूशन ऑफ द पॉलिनेशियन चीफडम्स' (१९८४) या ग्रंथात कर्च यांनी टोंगा, हवाई आणि रापा नुई यांच्या तुलनेतून पॉलिनेशियन प्रमुखसत्तांची वाटचाल मांडली होती. 'हाऊ चीफ्स बिकेम किंग्ज' (२०१०) या ग्रंथात त्यांनी हवाईबाबत पुढचे पाऊल टाकले. कॅप्टन जेम्स कुक १७७८ मध्ये हवाईत आले तेव्हा तेथील सत्ता केवळ टोळीप्रमुखांची राहिली नव्हती. राजाला देवत्व प्राप्त झाले होते, सामान्य शेतकरी वंशावळीने प्रमुखाचा नातेवाईक मानला जात नव्हता आणि जमिनीचे वाटप सत्तेकडून होत होते. म्हणून हवाईची गणना मेसोपोटेमिया, इजिप्त यांसारख्या आद्य राज्यांच्या वर्गात करावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डेव्हिड मालो आणि सॅम्युएल कामाकाऊ या एकोणिसाव्या शतकातील हवाईयन विद्वानांच्या लेखनाला त्यांनी पुरातत्त्वीय पुराव्याच्या बरोबरीचे स्थान दिले. एकेकाळी दंतकथा म्हणून बाजूला ठेवलेल्या राजवंशावळी त्यामुळे पुन्हा इतिहासाची साधने ठरल्या.

कालगणनेचा वाद

पूर्व पॉलिनेशियात माणूस केव्हा पोहोचला, हा या क्षेत्रातील सर्वांत तीव्र वाद होता. १९८० च्या दशकात कर्च दीर्घ कालानुक्रमाचे समर्थक होते. हवाईतील पहिली वस्ती इ.स. च्या पहिल्या काही शतकांत झाली असे ते मानत. मांगाइयातील गाळातील परागकण व कोळशाच्या आधारे त्यांनी जोआना एलिसन यांच्यासह १९९४ मध्ये तेथे सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच माणसाची चाहूल लागते, असा दावा केला. अॅथॉल अँडरसन यांनी त्याला विरोध केला. कोळसा नैसर्गिक वणव्याचाही असू शकतो आणि जुन्या लाकडाचे वय माणसाच्या वस्तीचे वय म्हणून धरले जाऊ शकते, असे आक्षेप होते.

हे आक्षेप कर्च यांनी स्वतःच्या सर्वांत जुन्या स्थळावर तपासून पाहिले. विद्यार्थिदशेत उत्खनन केलेल्या हालावाच्या टेकडीचे वय पूर्वी इ.स. ६०० पर्यंत मागे नेले होते. मार्क मॅककॉय यांच्यासह त्यांनी, अल्पायुषी वनस्पतींचे नमुने निवडून, नव्याने कालमापन केले. ही वस्ती इ.स. १३०० च्या सुमाराची किंवा त्यानंतरची निघाली आणि हा निष्कर्ष त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मांगाइयातील तांगाताताऊचा प्रारंभही इ.स. १००० च्या सुमारास ठरला. हवाईतील पहिल्या वस्तीबाबत २०११ मध्ये लिहिलेल्या समीक्षालेखात त्यांनी तेथील आगमन इ.स. १००० च्या आसपास मानणारा लघु कालानुक्रम स्वीकारला.

या बदलाचे परिणाम दूरगामी होते. रानांचा नाश, पक्ष्यांचे उच्चाटन, शेतांची उभारणी आणि राज्याचा उदय हे सर्व पूर्वी दीड हजार वर्षांत घडले असे मानले जाई. ते आता आठशे वर्षांत बसवावे लागले.

टीका

पॉलिनेशियन समाज एका वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे विलग होत गेले, या कर्च व ग्रीन यांच्या प्रारूपावर जॉन टेरेल आदी अभ्यासकांनी टीका केली. बेटे एकमेकांपासून तुटलेली नव्हती. लोक, वस्तू व कल्पना यांची देवाणघेवाण सतत चालू होती, असे त्यांचे म्हणणे आहे. या मताला पुष्टी देणारा एक महत्त्वाचा पुरावा कर्च यांचेच विद्यार्थी मार्शल वाइस्लर यांच्या कामातून आला. केनेथ कॉलर्सन व वाइस्लर यांनी २००७ मध्ये दाखवले, की तुआमोतू बेटांवर मिळालेल्या एका दगडी वाकसाचा दगड मूळचा हवाईचा होता. कर्च यांच्या नंतरच्या लेखनात बेटांमधील अशा संपर्काला अधिक स्थान मिळालेले दिसते.

स्थानिक समाजाशी संबंध

हवाईत पुरातत्त्वाचा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही. महामार्ग, पर्यटनस्थळे व गृहप्रकल्प यांच्या बांधकामापूर्वी होणाऱ्या उत्खननांमुळे पूर्वजांच्या दफनभूमी व देवस्थाने यांबाबत मूळ हवाईयन लोक आणि पुरातत्त्वज्ञ यांच्यात अनेकदा संघर्ष झाला आहे. काहिकिनुईत पूर्वजांच्या भूमीवर परत राहू इच्छिणाऱ्या हवाईयन कुटुंबांची 'का ओहाना ओ काहिकिनुई' ही संघटना होती. कर्च यांचे सर्वेक्षण या कुटुंबांच्या संपर्कात राहून झाले. कोणत्या ठिकाणी पूर्वी वस्ती होती, कोठे शेती होत असे आणि कोणती देवस्थाने राखली पाहिजेत, ही माहिती त्यांच्या दृष्टीने भूतकाळापुरती नव्हती. 'कुआआइना काहिको' (२०१४) या ग्रंथात कर्च यांनी या प्रदेशाच्या प्राचीन जीवनाबरोबरच या पुनर्वसाहतीच्या प्रयत्नांचीही हकिगत दिली आहे. बर्कले येथे शिकलेल्या हवाईयन पुरातत्त्वज्ञ कॅथलीन कावेलू यांनी पुढे हवाईयन समाज व पुरातत्त्वज्ञ यांच्यातील संबंध हाच आपल्या अभ्यासाचा विषय केला.

प्रभाव

बेटे म्हणजे इतिहासाच्या प्रयोगशाळा होत, ही कल्पना कर्च यांच्या लेखनामुळे पुरातत्त्वाबाहेरही रुजली. इतिहासात प्रयोग करता येत नाहीत. मात्र एकच भाषा, तीच पिके, तेच देव आणि तीच समाजरचना घेऊन लोक लहान-मोठ्या, ओल्या-कोरड्या, तरुण-जुन्या बेटांवर गेले असतील, तर त्यांच्या तुलनेतून कारणमीमांसा करता येते. जॅरेड डायमंड यांच्या 'कोलॅप्स' (२००५) या बहुचर्चित ग्रंथातील तिकोपियाची मांडणी कर्च व येन यांच्या संशोधनावर आधारलेली आहे.

मेलिंडा अॅलन, मार्शल वाइस्लर, जेनिफर कान, मार्क मॅककॉय, जिलियन स्विफ्ट यांच्यासह आज ओशनियात काम करणारे अनेक पुरातत्त्वज्ञ त्यांचे विद्यार्थी आहेत. सूक्ष्म अवशेषांसाठी माती बारीक चाळणीतून चाळणे, प्रत्येक कोळशाची वनस्पती ओळखूनच कालमापनास पाठवणे आणि निसर्गवैज्ञानिकांना उत्खननाच्या आखणीपासून सहभागी करून घेणे, या पद्धती या पिढीने पुढे नेल्या.

निवडक ग्रंथ

वर उल्लेखिलेल्या ग्रंथांखेरीज पुढील ग्रंथ महत्त्वाचे मानले जातात. 'फेदर्ड गॉड्स अँड फिशहूक्स' (१९८५) हा हवाईच्या पुरातत्त्वाचा आढावा असून मॅककॉय यांच्यासह त्याची सुधारित आवृत्ती निघाली आहे. मानवशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांच्यासह लिहिलेल्या 'अनाहुलू' (१९९२) या द्विखंडी ग्रंथात ओआहूवरील एका खोऱ्याचा इतिहास कागदपत्रे व उत्खनन यांच्या साहाय्याने मांडला आहे. खोऱ्याच्या वरच्या भागातील अळूची खाचरे अतिप्राचीन नसून कामेहामेहा राजाच्या सैन्याने १८०४ नंतर तेथे तळ दिल्याच्या काळातील आहेत, असे त्यातून दिसून आले. 'द लापिता पीपल्स' (१९९७) हा लापिता संस्कृतीचा परिचय आहे. 'ऑन द रोड ऑफ द विंड्स' (२०००, सुधारित आवृत्ती २०१७) या ग्रंथात प्रशांत महासागरातील बेटांचा युरोपीय संपर्कापूर्वीचा समग्र इतिहास असून तो विद्यापीठांतून पाठ्यग्रंथ म्हणून वापरला जातो. 'अ शार्क गोइंग इनलँड इज माय चीफ' (२०१२) हा सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेला हवाईचा इतिहास आहे, तर 'अनअर्थिंग द पॉलिनेशियन पास्ट' (२०१५) हे त्यांचे आत्मकथनपर लेखन आहे.

सन्मान

कर्च यांची १९९० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या सदस्यपदी निवड झाली. याच संस्थेचा जॉन जे. कार्टी पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये मिळाला. 'अनाहुलू'साठी साहलिन्स यांच्यासह १९९८ मध्ये त्यांना जे. आय. स्टेली पुरस्कार देण्यात आला. पॅसिफिक प्रदेशातील वैज्ञानिक कार्यासाठी दिले जाणारे हर्बर्ट ई. ग्रेगरी पदक त्यांना २०११ मध्ये प्रदान करण्यात आले. ते अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस तसेच अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी या संस्थांचेही सदस्य आहेत.